डाव्या डोळ्याची दुर्बीण

थोरल्या भावाचा विषय निघाला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, असं माझी सून मला सांगते. तिला म्हटलं, तू बोल, तुला त्या बंदुकीचं काय ठाऊक.

बंदूक अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची. अमेरिकेची होती, जुनी, कुण्या जहागीरदाराकडून आजोबांकडे आलेली. चापाभोवती एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढून परत वर आणली की रिकामं काडतूस बंदुकीच्या माथ्यावरून टणकन उडायचं आणि भरलेलं आत जायचं. गावात तिला कडीची बंदूकच म्हणत. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर सगळ्यांच्या बंदुका तालुक्याला, आळंदला जमा झाल्या. कितीकांच्या परत आल्याच नाहीत. अप्पांची आली, कारण मादन हिप्परग्याकडच्या आमच्या शिवाराला लागून झुडपाचा माळ होता आणि तिथून रानडुकरं भुईमुगात शिरायची. सकाळी जाऊन बघावं तर शेत उकरून टाकलेलं, शेंगांची टरफलं तेवढी पडलेली.

आता गंमत अशी, की आमचं घर लिंगायताचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अप्पांनी डुक्कर मारलं की खाणारे येऊन घेऊन जायचे, आणि अप्पा विहिरीवर अंघोळ करून, पुन्हा लिंगपूजा करून मगच भाकरीला हात लावायचे. मारायची हौस त्यांना कधीच नव्हती. पण अख्ख्या शिवाराची राखण त्यांच्याकडे होती, आणि त्या एका गोष्टीपायी ते ताठ मानेनं चालायचे.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की लोक कोहळा कापतात, बळी म्हणून. आमच्या घरची रीत वेगळी होती. आम्ही कोहळा बांधावर ठेवायचो आणि अप्पा तो बंदुकीनं फोडायचे. गोळी एकच. सगळं गाव बघायला यायचं. कोहळा फुटला की वर्षाची राखण त्यांच्याकडे, असा आजोबांपासूनचा ठराव. एका वर्षी गोळी चुकली. कोहळा जागचा हलला नाही. कुणी हसलं नाही, ते तर जास्तच लागलं. पंच म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला बघू अप्पा. तवाबी चुकली तर बंदूक पोराच्या नावावर करा. म्हातारपणी कामून जीव जाळून घ्यायलाव?"

पोरगा म्हणजे अण्णा. त्याला राखण नको होती. अर्धी रात्र माचाणावर डास कोण मारत बसणार? त्याला तहसिलातल्या साहेबांबरोबर जीपमध्ये बसून काळवीट मारायला जायचं होतं. बंदूक खांद्याला लावून आरशापुढे उभा राहायचा तो. पण तिला तेल मात्र मी घालायचे. लहानपणापासून अप्पांच्या शेजारी बसून नळीतून चिंधी ओढायचं काम माझं, कडी उघडून आतली वाळू काढायचं कामही माझंच. अण्णानं ती कडी एकदासुद्धा उघडली असेल तर शपथ.

दुर्बिणीचं अप्पांच्याच डोक्यात आलं. लष्करवाल्यांच्या बंदुकीवर त्यांनी ती पाहिली होती. उन्हाळ्यात आम्ही दोघं गुलबर्ग्याला गेलो. बाजारात एक चष्मेवाला जुनं लष्करी सामान विकायचा. त्यानं दोन दुर्बिणी काढल्या. एक लांबलचक, पितळी, चकचकीत. दुसरी आखूड, काळी, रंग उडालेली. "लंबी लेव ना अप्पा, बहुत दूर का दिखता," म्हणाला. मी लांब दुर्बिणीतून किल्ल्याकडे बघितलं. तटावरचं एक कबुतर एवढं मोठं दिसलं की त्याची पिसं मोजावीत. पण ते उडालं तसं कुठं गेलं ते काही सापडेना. आखूड दुर्बिणीतून कबुतर लहानच दिसलं, पण अख्खा तट दिसत होता आणि ते कुठं जाऊन बसलं तेही दिसलं. डुक्कर काय एका जागी उभं राहून वाट बघतं? मी म्हटलं, आखूडच घ्या.

अप्पांनी ती हातात घेतली आणि डाव्या डोळ्याला लावली. मी म्हटलं, "अप्पा, तुमचा नेमाचा डोळा तर उजवा हाय." मी दुर्बीण धरून उजव्या डोळ्यापुढे नेली. ते हळूच म्हणाले, "त्यात आता नुसतं दूध दिसतंय पोरी." मोतीबिंदू पिकला होता. घरात कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. अण्णा रोज त्यांच्या पंगतीला बसून जेवायचा, त्यालाही कधी कळलं नाही. त्याला आरसा सोडून दुसरीकडे बघायला फुरसत कुठं होती!

बसमध्येच मी विचार करून ठेवला. दस्ता उजव्या खांद्यालाच राहू द्यायचा, जन्माची सवय आहे. दुर्बीण मात्र बंदुकीच्या डाव्या अंगाला, बाहेर काढून बसवायची. म्हणजे मान जरा झुकवली की डावा डोळा तिच्यामागे येईल, आणि काडतूस उडायला माथाही मोकळा राहील. अप्पांना पटलं. ते दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडे लग्नाला गेले, म्हणाले आल्यावर लोहाराकडे जाऊ.

ते परत येईपर्यंत अण्णानं कारभार उरकला होता. लोहाराला गाठून त्यानं दुर्बीण बरोब्बर माथ्यावर मधोमध बसवून घेतली. मी आडवी गेले. म्हटलं, "अण्णा, काडतूस वरनं उडतंय, तू तिथंच झाकण लावायलास." तर म्हणाला, "साहेब लोकांच्या बंदुकीला वरच असतीय. तू चुलीकडं बघ." लोहार कुणी काय सांगेल ते करणारा. त्यानं आजोबांच्या बंदुकीच्या माथ्याला दोन भोकं पाडली. ती भोकं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा आले आणि तशीच बंदूक घेऊन माळावर गेले. मी मागोमाग. त्यांनी एक गोळी झाडली आणि कडी ओढली. रिकामं काडतूस दुर्बिणीच्या पोटाला आपटलं आणि उलटं येऊन त्यांच्या कपाळावर बसलं. डाव्या भुवईवर. एक बोटभर खाली बसलं असतं तर माझे वडील ठार आंधळे झाले असते. मी पदरानं रक्त पुसलं, घरी आले आणि सोप्यात चार माणसं बसलेली असताना अण्णाला नको नको ते बोलले. आईनं मला आत ओढलं. अण्णा म्हणाला, "हिला तोंड लई झालंय, हिला उजवून टाका आता." माझं चुकलं असं सगळ्यांनी ठरवलं, कारण मी मोठ्यानं बोलले होते.

पुढचं सगळं मी केलं. कोळशानं पट्टीवर खुणा करून दिल्या आणि लोहाराच्या उरावर बसून कोपऱ्यासारखी वाकवलेली लोखंडी पट्टी करून घेतली. दुर्बीण डाव्या अंगाला आली. अप्पांच्या गालाला टेकू म्हणून दस्त्यावर जुन्या लुगड्याची गुंडाळी शिवली. मग आम्ही दगडाच्या खाणीत जायचो. माचाणापासून बांध जेवढा लांब, तेवढ्यावर मी दगडाला चुन्याचा ठिपका द्यायचे. अप्पा गोळी झाडायचे, मी जाऊन बघायचे. गोळी खाली गेली तर पट्टीखाली रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा सरकवायचा, बाजूला गेली तर पेच ढिला करून सारखं करायचं. त्यांचा खांदा दुखला की मी झाडायचे. श्रावण सरता सरता गोळी ठिपक्यावर बसायला लागली. त्या दिवशी अप्पा खाणीत खाली बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. अण्णा एकदाही तिकडे फिरकला नाही.

खंडेनवमीला सगळं गाव जमलं. बायका मागे, माचाणाजवळ. अप्पांनी मान झुकवली. कोहळ्याच्या चिंधड्या झाल्या. लोकांनी त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं. पंचातले एक बंदूक हातात घेऊन निरखत म्हणाले, "ही दुर्बीण आडवी बसवायची अक्कल कुणाची म्हणायची?"

अण्णा पुढेच उभा होता. तो हसला. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मागे बायकांकडे बघितलं, आणि म्हणाले, "पोरानं बसवली."

"वा रं पठ्ठ्या," म्हणून लोकांनी अण्णाच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं त्या घेतल्या. सगळ्याच्या सगळ्या घेतल्या.

घरी आल्यावर मी अप्पांना विचारलं, "असं कामून केलाव?" ते म्हणाले, "बंदुका झाडणारी पोरगी म्हटल्यावर तुला कोण करून घेईल? आळंदची माणसं बघायला यायलेत." मी आत गेले. बंदूक काढली, पेच सोडवले, पट्टी, पत्र्याचे तुकडे आणि दुर्बीण अण्णाच्या अंथरुणावर ओतून आले. म्हटलं, "तूच बसवलास न्हवं? बसव."

त्याला जमणार नव्हतंच. दोन दिवस ते सामान तसंच पडून होतं. मग अप्पांनी ते आपल्या पंच्यात बांधलं आणि देवळाच्या कट्ट्यावर गेले. पंच तिथंच होते. मी मागे भिंतीआड उभी. अप्पांनी सामान त्यांच्यापुढे सोडलं आणि सांगितलं, "मी खोटं बोललो. हे पोरीनं केलंय. पट्टी तिची, नेम तिनं धरून दिला. पोराचा हात लागला न्हाई."

मला वाटलं, आता बोलतील. कुणीतरी काहीतरी बोलेल. अक्कल कुणाची म्हणून विचारणारे तेच म्हातारे पंच हसले आणि म्हणाले, "लेकीवर लई माया तुमची अप्पा. व्हय, व्हय, तिनंच केलं म्हणा." बाकीचेही हसले. एकानं पट्टी उचलून अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाला, "जावा, पोराकडनं बसवून घ्या लवकर. डुकरं यायलेत."

खोटं बोलले तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

अप्पा घरी आले आणि सामान माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सांगितलं मी." मी रागाच्या भरात पहिला पेच दाबला, तो वाकडा गेला. बाहेर गेले, हौदातल्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहिले, परत येऊन बसले आणि तो पेच काढून सरळ लावला. अण्णा दारात उभा राहून बघत होता. मी मान वर केली नाही. भुईमूग काढणीला आला होता, आणि त्या घरात ती दुर्बीण सरळ बसवता येणारं दुसरं कुणी नव्हतं.