पिवळी पडलेली अकारा

ओरिव्हाल्दोने जन्मभर नेग्रो नदीच्या ओढ्यांतून बुटके अकारा मासे धरले आणि विकले. पाळला एकही नाही. पुढे गुडघ्यांनी पाण्यात वाकायचं साफ नाकारलं, तेव्हा शेवटच्या फेरीतलं एक जोडपं त्याने ठेवून घेतलं. ओट्यावर तसराळं, त्यात ओढ्याचंच चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी ओढ्याचाच पाचोळा, आणि बोटाच्या पेराएवढे दोन मासे. दुपारभर तो शेजारी बसून राही. पाण्यात ढग उतरत, पानांखाली शिरत, पलीकडून निघत. त्यांच्यामागोमाग आपणही जाऊन येतो, असं त्याला वाटे.

माशांसाठी तो डासांच्या अळ्या वाढवी.

"सगळं गाव डास मारतं," त्याची बायको झेनैद म्हणे, "आणि आमचा म्हातारा त्यांचं बाळंतपण करतो."

एके सकाळी मादी पिवळी दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी पिवळी, आणि नराच्या शेपटीच्या चिंध्या. ओरिव्हाल्दोने हजारो माद्या पाहिल्या होत्या, पण जाळीत आलेल्या. भ्यालेला मासा राखाडीच असतो. पिवळेपण त्याला माहीत होतं ते माणसांचं, हिवतापानंतरचं. रोगाचं निदान तिथेच झालं. नदी चढू लागली होती. एकदा पाणी रानात पसरलं की अकाराही झाडाझाडांखाली पांगतात. ही गेली तर पाणी ओसरेपर्यंत दुसरी नाही, आणि ओसरल्यावर ओढ्यात उतरायला गुडघे कुणाचे आणायचे?

त्याने तापावरची कडू साल उकळली, काढा निववला आणि तसराळ्यावर वाटी तिरपी केली.

"थांब," झेनैद म्हणाली. कसाव्याच्या कंदाचा भरडा चाळता चाळता ती वाकून बघत होती. "ते पान बघ."

पानाखालची धूळ हलत होती. मादीने अंग झटकलं, तशी धूळ थबकली. ती पुढे सरकली, तशी धूळ तिच्यामागे निघाली. धुळीला डोळे होते; पिल्लं होती ती.

"आजारी नाही, लेकुरवाळी आहे ती. आपली मार्गारिदा तान्ही, झोळीत होती तेव्हा मीही तुझ्या अंगावर अशीच धावून यायचे. तेव्हाही काढाच उकळला होतास."

"त्यानेच तर उतार पडला."

"मी तो पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून नदीत ओतला."

"पण उतार पडला."

"पडणारच. तू ओढ्यावर निघून गेलास ना."

ओरिव्हाल्दोने नराला ओंजळीत उचलून शेजारच्या मडक्यात सोडलं. नराने तक्रार केली नाही.

"आणि हे?" त्याने वाटी दाखवली.

"उकळलंयस, तर पी आता."

तो घोट घोट प्यायला. घराखाली नदी खांबांना लागली होती. फळ्यांच्या फटींतून तिचा उजेड छतावर हलत होता. तसराळ्यात एक पिवळा ठिपका ढगाच्या कडेकडेने चालला होता आणि मागून त्याची धूळ. तोंड कडू झालेला ओरिव्हाल्दो, पाऊल न वाजवता, त्यांच्यामागून निघाला.