चिंधीबायचं पुस्तक

चिंधीबाय माणसाच्या तोंडाकडं बघायची नाही, अंगावरच्या कपड्याकडं बघायची. एका लग्नात नवरदेवाच्या बापाचा सदरा तिनं दोन बोटांत धरून पाहिला आणि चार माणसांत सांगितलं, "फाटला की मला द्या. दुसऱ्या कुणाला नका देऊ." तो माणूस सहा महिने आमच्या दारावरून गेला नाही. ही माझी बायको. नाव गावातल्या पोरांनी ठेवलेलं.

धसईजवळच्या आमच्या गावात ती बालवाडीची खिचडी शिजवायची. तिथं चित्रांचं एकच पुस्तक आलेलं, पोरांनी ते महिन्यात फाडलं. मग ही कापडाचं शिवायला बसली. अक्षर एक येत नव्हतं. तिच्या पुस्तकात आजाच्या धोतराचं झबलं व्हायचं, सदऱ्याची पिशवी, पिशवीचं फडकं, आणि शेवटच्या पानावर पोतेरं. पोतेऱ्यालासुद्धा तिनं डोळे काढले होते. कापडं गावातलीच, म्हणून पोरं पान उलटलं की ओळख पटवत बसायची, ही आमच्या आजाची लुंगी, ही तुमच्या आयची चोळी.

आम्हाला मूल नव्हतं. मी म्हणायचो, पोर झालं नाय म्हणून चिंध्यांना डोळे लावतेस. ती दातानं दोरा तोडायची आणि म्हणायची, "तुमी मेल्यावर तुमच्या लेंग्याचं काय करायचं, ते ठरवून ठेवलंय मी."

शेजारच्या सखूची चार वर्षांची यमी तापानं गेली. मेलेल्याचे कपडे आमच्याकडं घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. सखूनं सोडले. चिंधीबाय गुडघाभर पाण्यात उतरली आणि लाल फ्रॉक काढून घेऊन आली. मी ओरडलो. ती म्हणाली, "पोर गेली. फ्रॉकानं काय केलंय?"

पुस्तकात त्या फ्रॉकाची लाल कोंबडी झाली.

कुणीतरी कापड ओळखलं. खिचडी चुलीवर असतानाच सगळ्या बाया बालवाडीत शिरल्या. मेलेल्या पोरीचं कापड आमच्या जित्या पोरांच्या हातात देते, वांझोटीला काय कळणार, असं चाललेलं. सखू सगळ्यांच्या पुढं उभी होती, तोंड मिटून, एक हात पुढं करून. मी शेतावरून आलो तशी सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी पुस्तक हिसकलं आणि चुलीत कोंबलं. कापड लवकर जळत नाही. लाकडानं ढकलावं लागलं.

चिंधीबाय माझ्याकडं बघत म्हणाली, "बाजूला व्हा. खिचडी लागेल."

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं सुई परत हातात धरली नाही. खांद्यावर फाटलेली चोळी तशीच घालून गावभर फिरायची. मी मुरबाडच्या बाजारातून लुगडी आणायचो, ती पेटीत टाकायची. बारा वर्षं असं चाललं. मग ती गेली.

दहाव्याला ती लुगडी मी नदीत सोडली. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. सखू मागून आली. केस पिकले होते तिचेपण.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी कोंबडीचं पान मागायला आलेली. तोंड उघडेपर्यंत तुमी चुलीत घातलंत."

मी वळून पाहिलं. लुगडी पुढं जाऊन खडकाला अडकली होती. पाणी गुडघाभरच होतं. काठावर सगळं गाव उभं होतं.

मी उतरलो नाही.