काठ बाहेर ठेवून

सोजरआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. तिच्या गावी, ईटला पोहोचेपर्यंत बायकांनी तिला पांढरं पातळ नेसवून ठेवलं होतं. महिना होत आला, पण डोळ्यांपुढं येतं ते तिचं दुष्काळातलं हिरवं, लाल काठाचं लुगडं... आणि रडू आवरत नाही.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जुन्या रीतीनं आमच्या वस्तीतल्या बायकांनी लुगडं घोट्याच्या वर नेसायचं आणि काठ निऱ्यांत खुपसून दडवायचा. काठ मिरवायचा तो गावातल्या बायकांनी. आम्ही बौद्ध झालो, तरी आत्याच्या सासूच्या हातातली सवय गेली नव्हती, मनातली भीतीही. आत्या मात्र पायघोळ नेसायची, काठ बाहेर ठेवून. तुझ्या या मिजाशीपायी एक दिवस घरदार उपाशी बसेल, असं सासू म्हणायची. बाईनं काय नेसावं हे ठरवणारे दुसरेच आणि भोगायचं तिनं. जगात कुठंही याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात दोघी सासू-सुना तलावाच्या कामावर माती वाहायच्या. मी तेव्हा लहान, आत्याकडंच राहायला होते; तिचं तान्हं सांभाळत लिंबाखाली बसायचे. आसपासच्या गावांतल्या बड्या घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून तिथं आल्या होत्या. पिण्याच्या पाण्याचे रांजण मात्र दोन, त्यांचा वेगळा, आमचा वेगळा. नवा मुकादम परगावचा. तो माणसं ओळखत नव्हता, काठ बघायचा. त्यानं सासूला आमच्या रांजणाकडं पिटाळलं आणि आत्याला अदबीनं म्हणाला, "बाई, तुमी हिकडं घ्या."

मुकाट्यानं प्यायली असती तर त्याला कळलंही नसतं. आत्यानं भरलेला तांब्या हातात तसाच धरला.

"मुकादम, ती माझी सासू हाय. आमी एकाच घरच्या. आता सांगा, म्या कुठलं पाणी पिऊ?"

त्यानं तांब्या हिसकावला आणि दोघींनाही कामावरून काढलं. घरात उद्याची भाकरी नव्हती. आता म्हातारी आत्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण वाटेत म्हातारी बाभळीच्या आडोशाला थांबली आणि निऱ्यांत खुपसलेला काठ ओढून काढू लागली. एकटीला जमेना. आत्या खाली बसली आणि तिनं सासूच्या निऱ्या सोडून नव्यानं घातल्या, घोट्यापर्यंत.

"लई लांब झालं गं, पायात येतंय."

"येऊ द्या. माझा हात धरा."

घरापर्यंत म्हातारी तीनदा अडखळली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी तीन कोसांवरच्या दुसऱ्या कामावर निघाल्या, तेव्हा म्हातारीनं लुगडं आपल्या हातानं नेसलं होतं. काठ बाहेर होता.