प्रश्नवाल्या बाई आणि मलिदा

प्रश्न विचारण्याआधी त्या मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकत. समोरच्याला घाई वाटू नये म्हणून. देवळाली प्रवरात सगळे त्यांना ‘प्रश्नवाल्या बाई’च म्हणत. दुष्काळ नुकताच सरला होता. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते, माझ्याकडे एक खोली रिकामी होती, ती त्यांनी भाड्याने घेतली.

त्या पुण्याच्या, मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनी. ज्यू माणसाला देवाचा अनुभव कसा येतो, हा प्रबंधाचा विषय. गावात ज्यू घर एकच, हन्नामावशींचं. यजमान साखर कारखान्यात फिटर होते. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, मावशींची चूल पेटत नसे, आणि त्या दिवशी बाई तिथे वही नेत नसत. “आज त्यांच्याकडे लिहायचं नसतं.”

“तुम्ही कुठे ज्यू आहात?” मी म्हटलं.

“घर त्यांचं आहे ना?”

अशी बाई मलिद्यापाशी चुकली. पोहे, खोबरं, साखर, फळं मांडून एलियाहू पैगंबरांच्या नावाने हा नवस फेडतात. बाईंनी तो नुसता वाचला होता, आणि पाहिल्याशिवाय त्यांचं मुख्य प्रकरण उभं राहत नव्हतं. मुदत संपत आली तशा त्या मावशींना म्हणाल्या, “सामान मी आणते. एकदा नुसता करून दाखवा.”

मावशींचा मुलगा इस्रायलला फौजेत होता. तिकडे लढाई पेटलेली, त्याची काही खबर नाही. तो सुखरूप घरी आला तर मलिदा, असा नवस होता.

“पोर आलं न्हाई अन् मी मलिदा मांडू?” मावशी कडाडल्या. “देवाला काय सांगू, आलं म्हनून? तुमच्या परीक्षेपायी?”

“चुकले,” एवढंच बाई म्हणाल्या.

पुण्यात एखाद्या घरी बघून घ्या, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, “बघेन तर इथलाच.” मला हा शुद्ध वेडेपणा वाटला, तसं मी सांगितलंही. त्यांनी प्रबंधात ऐकीव वर्णन दिलं, खाली ‘मी स्वतः पाहिलेला नाही’ असं लिहिलं आणि मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली.

मुलगा पुढच्या उन्हाळ्यात आला. एक हात अधू, पण आला. मावशींनी माझ्याकरवी बाईंना तार केली. त्या पुण्याहून पहिल्या एसटीने हजर. मावशींनी नारळ आणि विळी त्यांच्यापुढे सरकवली.

“आता लिही की गं. का वही इसरलीस?”

“प्रबंध कधीच दिला, मावशी. आज नुसती खायला आले.”

“मग हात चालव. लई मानसं हायत.”

प्रार्थना झाली. पहिली बशी मावशींनी मुलाला दिली, दुसरी बाईंना. यजमानांचा नंबर तिसरा लागला.