दारव्हा रोडवरचा गोड वास

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा यवतमाळला असायचं. नवरा नोकरीसाठी नागपूरला, त्यामुळे दिग्रसहून गाडी न्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या मे महिन्यात आमच्या जुन्या गाडीतलं कूलंट कमी व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी डबीत वरच्या खुणेपर्यंत भरायचं, आणि यवतमाळची एक खेप झाली की ते खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं असायचं. पण गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता. इंजिनखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, तोही कोरडाच. मेकॅनिकनं गाडी ठेवून घेतली, रेडिएटर पाहिला, पंप पाहिला, पण गळती काही सापडली नाही. गाडी त्याच्याकडे असतानाच डायलिसिसचा वार आला. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना, आणि एसटीत चढायचं त्राण सासूबाईंत नव्हतं. एक खेप बुडाली. शेवटी कूलंट भरून गाडी तशीच परत आणली.

पुढच्या खेपेपर्यंत त्यांचे पाय सुजून गच्च झाले होते. पाठ टेकली की धाप लागायची. गाडीत मागच्या सीटवर समोरच्या सीटला धरून, पुढे वाकून बसल्या. निघाल्यापासून एकच म्हणत होत्या, "पोरी, या गाडीत पाकाचा वास येऊन राह्यला."

त्या हे गेले काही दिवस म्हणत होत्या. आजारानं तोंडाची चव जाते तसंच काहीतरी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

दारव्हा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी काढून नांगरलेली काळी शेतं होती. चढाला इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं. रोज मधोमध राहणारा तो काटा वर सरकत होता. मी एसी बंद केला. काटा थांबला नाही. इंजिन तापलं तर हीटर पूर्ण सुरू करायचा, इंजिनातली उष्णता थोडी आत ओढली जाते, हे मला ठाऊक होतं. पण बाहेर आग ओकणारं ऊन आणि मागे धापा टाकणारं माणूस.

"आई, काचा खाली घेते. हीटर लावावा लागते," मी म्हटलं.

"लाव. गाडी थांबू देऊ नको."

हीटरची गरम हवा तोंडावर आली आणि तिच्याबरोबर तो वास. गूळ उकळताना येतो तसा, गोडूस आणि उग्र.

"हाच! हाच वास!" त्या मागून म्हणाल्या. "मले वाटलं, मीच भ्रमली का काय."

म्हणजे तो वास कूलंटचा होता, आणि गळती हीटरच्या बाजूला होती. काटा लाल पट्टीला टेकला तशी मी कडुलिंबाच्या सावलीत गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. नवऱ्याचा फोन लागला नाही.

बोनट उघडलं. मागच्या अंगाला, जिथून दोन रबरी पाइप आत हीटरकडे जातात, तिथे वाफेची बारीक रेघ सुटत होती. एका पाइपाच्या टोकाला, क्लिपच्या अगदी जवळ, चीर होती. तिच्या खाली इंजिनावर पांढरट हिरवे डाग वाळलेले. पाणी तापल्यावरच फवाऱ्यासारखं उडायचं आणि गरम लोखंडावर जागच्या जागी वाळून जायचं. खाली पडणार काय?

तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक शेतकरी थांबला. मागे कॅनमध्ये पाणी होतं. "गरम झाली का? थांबा, झाकण खोलून पानी टाकून देतो," म्हणत त्यानं दुपट्टा हाताला गुंडाळला आणि झाकणाला हात घातला.

"हात काढा!" मी ओरडले. "उकळतं पाणी तोंडावर येईल!"

तो दचकून मागे सरला. रागावला असावा, पण गेला नाही. मागच्या खिडकीतून सासूबाईंकडे पाहून त्याचा चेहरा बदलला. "माय तर लय हापून राह्यली," तो हळूच म्हणाला, आणि दुपट्टा भिजवून त्यानं त्यांच्या हातात दिला.

आता थांबण्याशिवाय इलाज नव्हता. मी पाइपाला हात लावून बघायची, चटका बसायचा, पुन्हा मागे जाऊन सासूबाईंची पाठ चोळायची. त्यांचे ओठ काळसर पडले होते. "किती वेळ अजून?" त्यांनी विचारलं. मी ओला दुपट्टा त्यांच्या कपाळावरून फिरवला.

पाइप हातात धरवण्याइतका निवला तेव्हा झाकण थोडं थोडं फिरवून हवा सोडली. गाडीतल्या स्क्रूड्रायव्हरनं क्लिप ढिली केली. पाइप मात्र निघेना. रबर चिकटून बसलं होतं. शेतकऱ्यानं पिळून ओढला तेव्हा तो एकदम निसटला. त्याच्या डब्याच्या पिशवीत कांदा कापायची सुरी होती. त्या सुरीनं मी पाइपाचं चीर पडलेलं टोक सरळ कापून टाकलं. उरलेला पाइप पोहोचेल की नाही, हीच भीती. ताणून बसवला, जेमतेम पोहोचला. क्लिप चढवून स्क्रू आवळला. जास्त आवळला तर रबर कापलं जाईल, कमी आवळला तर निसटेल. कुठे थांबायचं ते अंदाजानंच ठरवलं. इंजिन सुरू करून कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं. त्या जागेवर बोट ठेवलं. कोरडं होतं.

"जाऊ द्या आता," तो म्हणाला. "मी लोहाऱ्यापर्यंत मांगं मांगं येतो."

एक डोळा काट्यावर, एक आरशातल्या सासूबाईंवर. काटा मधोमध राहिला. यवतमाळच्या वेशीवरचं लोहारा आलं तेव्हा आरशात तो हात उंचावून वळताना दिसला.

दवाखान्यात नर्सनं सासूबाईंना पाहताच व्हीलचेअर धावत आणली. ऑक्सिजन लावला, मशीन जोडलं. उशीर का झाला, हे कुणी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास सावकाश झाला, तशी मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पाण्याची बाटली उघडली आणि अर्धी एका दमात संपवली.

मशीन सुटेपर्यंत मी लोहाऱ्याच्या गॅरेजात गाडी नेऊन हीटरचे दोन्ही पाइप बदलून आणले. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "भूक लागली वं. ज्वारीची भाकर भेटन का कुठं?"