आबांची पाठ

आज उटण्याची पुडी फोडली आणि कपूरकाचरीचा वास नाकात शिरताच मला आबांची पाठ दिसली.

त्याला कारण गेल्या आठवड्यात आलेला कागद. माझे आजोबा, आबा, तरुणपणी फौजेत होते. त्यांची नोंद मिळावी म्हणून मी धुळ्याहून अर्ज केला होता. आलेल्या नकलेत भरतीच्या वेळची ओळखखूण आहे: डाव्या खांद्याखाली भाजल्याचा तळहाताएवढा व्रण. कागद दुसऱ्याच कुणाचा असेल, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. पण नाव, बापाचं नाव, साक्रीजवळचं आमचं गाव, सगळं जुळतं.

आबा लढाईवरून परतले तेव्हा घरात त्यांची थोरली बहीण, अक्का, एवढीच उरली होती. दर भाऊबीजेला ती त्यांना अंगणात पाटावर बसवून तेल-उटणं लावायची. एका वर्षी ऊन पाण्याचा तांब्या धरून मी शेजारी उभा होतो. आबांची पाठ तेलाने चकाकत होती. नुसती गुळगुळीत, कुठे डाग म्हणून नाही. अक्काचा हात डाव्या खांद्याखाली आला आणि थांबला. बोटं तिथल्या तिथे फिरत राहिली. आबा मान खाली घालून बसले होते.

"अक्का, तिथं काय शोधतेस?" मी विचारलं.

तिने चटकन हात उचलला आणि माझ्यावर डोळे वटारले.

"हाऊ मना भाऊ शे," ती म्हणाली. माझ्या हातातला तांब्या हिसकून तिने सगळं पाणी त्यांच्या पाठीवर ओतलं.

ती काय शोधते, एवढंच मी विचारलं होतं. तो कोण, हे मी कुठे विचारलं होतं?