पगारापोटी मिळालेले शेअर

"फुकटचं नाई जमत आपल्याले," असं म्हणत आमचे ते शेजारी आधी काहीतरी काम शोधत, मग चहाचा कप उचलत. आमच्या घरी आले की स्टोव्हची वात सारखी करायचे. लग्नात जेवून उठले की लगेच पुढच्या पंगतीत वाढायला उभे. यजमानानं हात जोडले तरी बुंदीची परात सोडत नसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा थोडा त्रासच होतो.

नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत ठरवायचे. जिन परदेशी कंपनीचं. मी एका आयकर वकिलांकडे टायपिंग करत होते आणि ते राहत त्या कंपनीच्या क्वार्टरांमागच्या गल्लीत राहत होते.

एका वर्षी कंपनीनं जुन्या नोकरांना बोनसऐवजी आपले विलायतेतले शेअर दिले. बाकीच्यांनी कुरकुर केली. त्यांनी कागद कपाटात ठेवून दिला. पुढे कंपनीनं गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि क्वार्टरं विकायला काढली. तोवर शेअरचा भाव बराच वाढला होता. ते विकून राहतं घर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

घर हवं होतं बायकोसाठी. तिची दृष्टी गेली होती. पण त्या दोन खोल्यांत ती कुणाचा हात न धरता वावरायची, भाकरी थापायची, नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखून मला खिडकीतून हाक मारायची.

शेअर विकल्यावर ते कराचं विचारायला आमच्याकडे आले. वकिलांनी समजावलं. भाव वाढला त्या नफ्यावर कर पडणारच. पण शेअर पगारापोटी मिळाले म्हटलं, तर तेव्हाची किंमतही त्या वर्षीच्या पगारात धरतील. तो कर राहिलेला, वर दंड. मग घराला पैसे पुरणार नाहीत. त्यापेक्षा कंपनीच्या साहेबानं जाताना आपल्याजवळचे शेअर खुशीनं बक्षीस दिले, असं लिहू, म्हणजे तो कर टळेल. साहेब गेला विलायतेला, त्याला विचारायला कोण जातंय?

मला ते शहाणपणाचं वाटलं. आजही वाटतं.

ते म्हणाले, "बक्षीस कसं, वकीलसाहेब? काम केलं नं मी."

"घर हवंय की नाही?" वकिलांनी विचारलं.

"हाव. पाह्यजे."

त्यांनी सही केली आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बायको कचेरीत आली. घराबाहेर तिला मी प्रथमच पाहत होते. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

"तो कागद फाडा, वकीलसाहेब. हे कालपासून जेवले नाईत."

"तू काऊन बोलून राह्यली?" ते पुटपुटले, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

वकिलांनी तिला घराची आठवण करून दिली.

"माह्या पायायले दुसरं घर समजन हळूहळू," ती म्हणाली. "यायले कोण समजावन?"

मी मशीनला नवा कागद लावला. कर, दंड, सगळं भरलं. क्वार्टर एका सरकीच्या व्यापाऱ्यानं घेतलं.

ते दोघं देऊळगाव राजाला भाड्याच्या खोलीत गेले; तिचा भाऊ तिथं होता. त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, ते गेल्यावर थोड्याच दिवसांनी. मी तिथल्या बालाजीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून पत्ता विचारत पोचले. दार उघडंच होतं. ते भिंतीवर बोटांनी टकटक करत, इथं चूल, इथं माठ, असं सांगत पुढे सरकत होते आणि ती हात लांबवून त्या आवाजामागे चालत होती. तिचा पाय उंबऱ्याला लागला.

"हं, समजला," ती म्हणाली, आणि ते पुढच्या भिंतीकडे वळले.

मी हाक न मारता परतले.